लॉर्डाच्या घरापासून युवक केंद्रापर्यंत: एका व्हिक्टोरियन वास्तूचा इतिहास कसा लिहावा

इंग्लंडच्या ग्रामीण भागात एकोणिसाव्या शतकात उमरावांनी आणि नव्या धनिकांनी बांधलेली मोठमोठी घरे अजून उभी आहेत. त्यांतल्या काहींत मूळ घराणी राहतात, काहींची हॉटेले झाली, काही शाळांकडे गेली, आणि काही युवक संघटनांच्या हाती येऊन प्रशिक्षण केंद्रे बनली. ब्रिटनमध्ये वाढणारी मराठी मुले शाळेच्या निवासी सहलीला जातात तेव्हा कधी कधी अशाच एखाद्या घराच्या आवारात राहून येतात. त्या घराचा इतिहास नीट लिहून काढणे हे पालक, शिक्षक, इतिहासाचा विद्यार्थी किंवा केंद्रातला स्वयंसेवक यांपैकी कोणालाही जमण्यासारखे काम आहे, आणि त्यातला बराचसा भाग पुण्यात किंवा नागपुरात बसूनही करता येतो. ते कसे करावे हे येथे एका खऱ्या घराच्या आधाराने सांगतो.

ते घर म्हणजे हॅम्पशायरमध्ये न्यू फॉरेस्ट या जंगलाच्या कडेला, ब्रान्सगोर गावाजवळ असलेले एव्हन टिरेल. तिसरे लॉर्ड मॅनर्स यांच्यासाठी ते १८९१ च्या सुमारास बांधले गेले, त्यांच्या मुलाने, म्हणजे चौथ्या लॉर्डांनी, १९४६ मध्ये ते युवक मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेला दिले, आणि १९४९ मध्ये राजकन्या एलिझाबेथ यांच्या हस्ते त्याचे युवक केंद्र म्हणून उद्घाटन झाले.

काम सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. अशा घरांविषयी जे लिहिले जाते त्यात बांधणारा लॉर्ड, त्याचे घोडे, त्याचा वास्तुविशारद आणि त्याच्या मेजवान्या यांना भरपूर जागा मिळते, आणि शेवटी ‘युद्धानंतर ही वास्तू तरुणांना देण्यात आली’ एवढ्या एका वाक्यात बाकीचा काळ उरकला जातो. एव्हन टिरेलमध्ये मॅनर्स घराण्याची सुमारे ५५ वर्षे गेली. तरुणांनी ते घर त्याहून अधिक वर्षे वापरले आहे. म्हणून १९४६ ही तारीख इतिहासाचा शेवट नसून मध्यबिंदू आहे असे धरूनच आराखडा आखावा. या लेखातले बाकी सगळे सल्ले एखाद्याने बाजूला ठेवले तरी चालतील, पण एवढा एक ठेवू नये.

आधी कालपट, मग कथा

पहिल्या दिवशी एक साधा तक्ता तयार करावा. त्यात तीन रकाने असावेत: वर्ष, घटना आणि पुरावा. तिसरा रकाना रिकामा राहत असेल तर तो रिकामाच ठेवावा, पण घटना वगळू नये. एव्हन टिरेलपुरता असा तक्ता केला तर त्यात १८८२ ची घोड्यांची शर्यत येते, १८८५ चे लग्न येते, १८९१ चे बांधकाम येते, १९०४ मध्ये भारतात झालेला मुलीचा मृत्यू येतो, १९१४ मध्ये फ्रान्समध्ये पडलेला मुलगा येतो, १९२७ मध्ये तिसऱ्या लॉर्डांचे निधन येते, आणि मग १९४६ चे दान व १९४९ चे उद्घाटन.

हा तक्ता किती उपयोगी पडतो ते या घराविषयीच्या सर्वांत लोकप्रिय कथेवरून दिसेल. कथा अशी सांगितली जाते की लॉर्ड मॅनर्स यांनी पैज लावली: एका वर्षाच्या आत घोडा विकत घेईन, तो तयार करीन, त्यावर स्वतः स्वार होऊन ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची घोडाशर्यत जिंकेन. ते जिंकले, आणि पैजेच्या पैशांतून हे घर उभे राहिले. कथा सुरेख आहे, आणि तिचा एक मोठा भाग पूर्णपणे खरा आहे. १८८२ च्या मार्चमध्ये लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री (Aintree) मैदानावर बर्फ पडत असताना ‘सीमन’ नावाच्या घोड्याने ‘सायरस’ला अवघ्या डोक्याच्या अंतराने मागे टाकले, आणि सीमनवर स्वार होते ते स्वतः लॉर्ड मॅनर्सच. हे त्या काळच्या वृत्तपत्रांत आहे आणि शर्यतीच्या अधिकृत नोंदींतही आहे.

आता कथेचे बाकीचे तुकडे एकेक करून तपासावेत. शर्यतीच्या नोंदींत घोड्याचे प्रशिक्षक म्हणून जेम्स ज्युइट यांचे नाव आहे. म्हणजे ‘स्वतः तयार केला’ हा भाग जसाच्या तसा लिहिता येणार नाही. शर्यत १८८२ ची आणि घर १८९१ चे, म्हणजे मधे नऊ वर्षे आहेत. मधल्या काळात, १८८५ मध्ये, लॉर्ड मॅनर्स यांचा विवाह कॉन्स्टन्स हॅम्लिन-फेन यांच्याशी झाला, आणि एव्हन टिरेलची जमीन आली ती कॉन्स्टन्स यांच्या माहेरच्या फेन घराण्याकडून. पैजेची कथा ऐकणाऱ्याला घराचा सगळा उगम पुरुषाच्या धाडसात दिसतो. तक्ता मांडल्यावर दिसते की ज्या जमिनीवर घर उभे आहे ती पत्नीच्या वारशाने आली होती. पैजेची रक्कम बांधकामात गेली असे लिहायचे असेल, तर बँकेचे हिशेब, कंत्राटदाराची बिले किंवा त्या वर्षांतली पत्रे यांपैकी काहीतरी हातात हवे. तोवर ‘असे परंपरेने सांगितले जाते’ एवढेच लिहावे, आणि शर्यत व जमीन या दोन पक्क्या गोष्टी त्याच्या शेजारी स्वतंत्रपणे मांडाव्यात. कथा गाळू नये. घरात राहायला आलेल्या प्रत्येक पिढीने ती ऐकलेली असते, आणि त्यामुळे ती सुद्धा घराच्या इतिहासाचा भागच असते.

नावाच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. २ ऑगस्ट ११०० रोजी राजा दुसरा विल्यम न्यू फॉरेस्टमध्ये शिकार करताना बाण लागून मरण पावला. बाण वॉल्टर टिरेल याचा होता असे बखरकारांनी लिहिले, आणि पळून जाताना तो एव्हन नदी जेथून पार झाला ती जागा स्थानिक लोक आजही टिरेलचा उतार म्हणून दाखवतात. मात्र आपण जंगलाच्या त्या भागात नव्हतोच असे टिरेल शपथेवर सांगत असे, असेही फ्रान्समधील मठाधिपती सुगेर यांनी नोंदवून ठेवले आहे. अशा दंतकथेला एक परिच्छेद पुरे होतो. तिच्यासाठी महिने घालवू नयेत.

जमिनीची कागदपत्रे

घरापूर्वी तेथे काय होते हे नकाशांवरून कळते. १८३६ च्या कायद्यानुसार चर्चला धान्यरूपाने द्यायचा दशांश कर रोखीत बदलण्यात आला, आणि त्यासाठी पुढील वर्षांत इंग्लंडमधल्या बहुतेक पॅरिशांचे (चर्चच्या हद्दीनुसार ठरलेल्या गावभागांचे) नकाशे व त्यांच्या जोडीला याद्या तयार झाल्या. प्रत्येक तुकड्याला क्रमांक, मालक, वहिवाटदार, पिकाचा प्रकार आणि क्षेत्रफळ असा तपशील त्यांत असतो. आपल्याकडे गावनकाशा आणि सात-बारा शेजारी ठेवून वाचण्याची ज्याला सवय आहे त्याला हे कागद लगेच उमगतात. त्यानंतर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सर्वेक्षण खात्याचे नकाशे पाहावेत. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने सहा इंची आणि पंचवीस इंची (म्हणजे एका मैलाला तितके इंच दाखवणारे) नकाशे विनामूल्य पाहता येतात, आणि आजच्या उपग्रह चित्रावर ते ठेवून तुलनाही करता येते. १८७० च्या आसपासचा नकाशा आणि १८९० च्या दशकातला नकाशा शेजारी ठेवले की कोणत्या शेतावर घर आले, कोणती पायवाट वळवली गेली, तलाव आधीचा की नंतरचा, हे प्रश्न एका संध्याकाळी सुटतात.

मालमत्तेसाठी आणखी एक साधन फार मोलाचे आहे आणि नवख्यांना ते सहसा माहीत नसते. १९१० च्या वित्त कायद्यानुसार सरकारने जवळजवळ सगळ्या देशातील जमीनजुमल्याचे मूल्यांकन केले. त्या वेळी अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष फिरून भरलेल्या वह्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत मालक, भाडेकरू, इमारतीची स्थिती, पुष्कळदा खोल्यांचे वर्णनही मिळते. मुख्य घराबरोबर तबेले, माळ्याचे घर आणि फाटकावरची चौकी यांच्या नोंदीही शोधाव्यात, कारण पुढे युवक केंद्र झाल्यावर बहुधा याच इमारतींत वस्तीची सोय होते. गावाचा आणि जमीनदारीचा मध्ययुगापासूनचा इतिहास हवा असेल तर व्हिक्टोरिया काउंटी हिस्ट्री या जिल्हावार इतिहासमालेतील हॅम्पशायरचा १९१२ चा पाचवा खंड ‘ब्रिटिश हिस्ट्री ऑनलाइन’वर विनामूल्य वाचता येतो, एव्हन नदीच्या काठावरील सोप्ली पॅरिशचे प्रकरण त्यात आहे.

वास्तू वाचणे

एव्हन टिरेलचे काम आधी वास्तुविशारद रिचर्ड नॉर्मन शॉ यांच्याकडे आले होते, आणि त्यांनी ते आपल्या कार्यालयातील प्रमुख सहायक विल्यम लेथबी यांच्याकडे सोपवले, कारण लेथबी तेव्हा स्वतःचा व्यवसाय नुकताच सुरू करीत होते. हे त्यांचे पहिले मोठे स्वतंत्र काम. राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१ अशी असल्याने हे घर काळाने व्हिक्टोरियन आहे, पण मनाने ते आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीचे आहे: दिखाऊ भव्यतेपेक्षा विटेचे, लाकडाचे आणि चुन्याचे काम प्रामाणिकपणे झाले आहे की नाही याला तेथे महत्त्व आहे. आतले गिलाव्याचे नक्षीकाम अर्नेस्ट गिमसन यांचे आहे. लेथबींनी पुढे इमारती मोजक्याच बांधल्या. त्यांनी आपले आयुष्य शिकवण्यात आणि जुन्या वास्तू सांभाळण्यात घातले. लंडनमध्ये १८९६ साली सुरू झालेल्या सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्सच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता आणि १९०६ पासून ते वेस्टमिन्स्टर ॲबीच्या देखभालीचे प्रमुख होते. हाताने काम करून शिकावे असे मानणाऱ्या शिक्षकाने बांधलेले घर पुढे तरुणांच्या शिक्षणाला लागले, हा योगायोग मला विशेष आनंदाचा वाटतो.

वास्तूविषयीची पायाभूत माहिती ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ या सरकारी वारसा संस्थेच्या राष्ट्रीय वारसा यादीत मिळते. एव्हन टिरेल हे पहिल्या श्रेणीत, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत, नोंदलेले आहे. यादीतली नोंद दाट तांत्रिक भाषेत असते. ती छापून घेऊन घराभोवती फिरत प्रत्येक वाक्य प्रत्यक्ष दगडविटांशी पडताळावे. घराण्याची खूण कोठे कोरली आहे तेही पाहावे. मॅनर्स घराण्याच्या चिन्हात पिसारा फुलवलेला मोर आहे, आणि आपल्या डोळ्यांना तो लगेच सापडेल.

एव्हन टिरेलविषयी आणखी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: हे ‘कॅलेंडर हाउस’ आहे, म्हणजे येथे वर्षाच्या दिवसांइतक्या ३६५ खिडक्या, आठवड्यांइतक्या ५२ खोल्या, महिन्यांइतकी १२ धुराडी आणि वारांइतकी ७ बाहेरची दारे आहेत. मुलांना घेऊन काम करणाऱ्याने हा भाग अजिबात सोडू नये, कारण पुरावा म्हणजे काय हे शिकवण्याचा याहून चांगला मार्ग नाही. मोजायला सुरुवात केली की पहिल्याच भिंतीपाशी प्रश्न उभे राहतात. एका चौकटीत दगडी दांड्यांनी विभागलेल्या चार झडपा असतील तर खिडकी एक की चार? कपाटाएवढ्या खोलीला खोली म्हणायचे का? एकाच खांबातून वर जाणाऱ्या सहा नळ्यांना एक धुराडे म्हणायचे की सहा? १९४६ नंतर पाडलेल्या भिंती आणि आगीच्या भीतीने नव्याने काढलेली दारे यांचे काय करायचे? म्हणून आधी नियम लिहून काढावा, मग त्या नियमाने मोजावे, आणि शक्य असेल तर मूळ आराखड्यावरही तीच मोजणी करावी. आकडा ३६५ आला नाही तरी हरकत नाही. कोणत्या नियमाने किती आला हे लिहिले की वाचकाला निर्णय करता येतो. ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेचा आराखड्यांचा संग्रह लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मूळ रेखाटनांचा शोध तेथून सुरू करावा.

माणसे: जिन्याच्या वरची (मालक) आणि खालची (नोकर)

इंग्लंड व वेल्सची जनगणना दर दहा वर्षांनी होते आणि तिचे तपशील शंभर वर्षे बंद असतात. १९२१ ची जनगणना जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची कागदपत्रे डिसेंबर १९४२ मध्ये आगीत जळाली, आणि १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. ही पोकळी काही अंशी भरून काढण्यासाठी २९ सप्टेंबर १९३९ ची राष्ट्रीय नोंदवही वापरावी.

जनगणना पाहताना घराण्याच्या नावाने शोध घेण्याची चूक नवखे हमखास करतात. उमराव कुटुंबे वर्षाचा एक मोठा भाग लंडनमध्ये घालवीत, म्हणून मोजणीच्या रात्री मालक घरात नसण्याची शक्यता बरीच असते आणि घरात असतात ते नोकर. शोध घराच्या नावाने घ्यावा आणि त्या पानाच्या आधीची व नंतरचीही पाने वाचावीत. माळी, गाडीवान, शिकाररक्षक आणि धोबिणी यांची घरे तेथे सापडतात. १८९१ ची जनगणना ५ एप्रिलच्या रात्री झाली. त्या वर्षी आसपासच्या खेड्यांत भाड्याने राहणारे गवंडी, सुतार आणि दगडफोडे कोण होते, त्यांचा जन्म कोठला, हे पाहिले की बांधकामावर कोणते हात लागले असतील याचा पहिला माग लागतो.

घराण्याच्या दुःखाची एक वाट थेट भारतात येते. लॉर्ड आणि लेडी मॅनर्स यांची मुलगी मेरी क्रिस्टीन १९०४ मध्ये भारतात असताना कोवळ्या वयात मरण पावली. तिच्या स्मरणार्थ आईवडिलांनी जवळच्या थॉर्नी हिल येथे वास्तुविशारद डेटमार ब्लो यांच्याकडून १९०६ मध्ये एक छोटे चर्च बांधून घेतले. अशा मृत्यूची नोंद शोधायची असेल तर आधी त्या वेळच्या वृत्तपत्रांवरून ठिकाण निश्चित करावे आणि ते कोणत्या इलाख्यात येते ते पाहावे, कारण लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दफन नोंदवह्या बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा इलाख्यांनुसार लावलेल्या आहेत. भारतात बसलेल्या संशोधकाला येथे इंग्लंडमधल्या संशोधकापेक्षा एक सोय अधिक आहे: त्याला ते ठिकाण आणि तिथली दफनभूमी प्रत्यक्ष जाऊन पाहता येते.

मुलगा जॉन मॅनर्स ग्रेनेडियर गार्ड्समध्ये होता आणि १ सप्टेंबर १९१४ रोजी, युद्धाला महिना पुरा होण्याच्या आत, फ्रान्समध्ये मारला गेला. पहिल्या महायुद्धाच्या काळात एव्हन टिरेल न्यूझीलंडच्या अधिकाऱ्यांसाठी विश्रांतीगृह म्हणून वापरले गेले. आजारातून आणि जखमांतून उठलेले अधिकारी तेथे राहत. या काळासाठी इंग्लंडमधल्या दफ्तरांइतकेच उपयोगी पडते ते न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘पेपर्स पास्ट’ हे विनामूल्य संकेतस्थळ, कारण त्या देशातली जुनी वृत्तपत्रे तेथे शब्दाने शोधता येतात. घराच्या नावाची सगळी स्पेलिंगे वापरून पाहावीत. जवळच्या ब्रॉकनहर्स्टमध्ये न्यूझीलंडचे रुग्णालय येण्यापूर्वी, १९१४-१५ मध्ये, जखमी भारतीय सैनिकांसाठी लेडी हार्डिंग रुग्णालय होते. तिथल्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात सुखा नावाच्या भारतीय सफाई कामगाराची कबर आहे, आणि तिचा दगड गावकऱ्यांनी वर्गणी काढून बसवला. विषय एव्हन टिरेलचा असला तरी त्या परिसरात जाणाऱ्याने तेथे जरूर थांबावे.

घर दिले का गेले?

या प्रश्नाला ‘औदार्य’ हे उत्तर पुरेसे नसते आणि ‘कर’ हेही पुरेसे नसते. दोन्ही बाजू कागदांवर शोधाव्या लागतात. एका बाजूला वारसा कर होता. १८९४ मध्ये तो नव्या रूपात आला तेव्हा सौम्य होता. १९४९ पर्यंत सर्वांत मोठ्या मालमत्तांवर तो ८० टक्क्यांवर पोहोचला. नोकरचाकर मिळेनासे झाले होते. दुसऱ्या महायुद्धात सरकारने अनेक मोठी घरे ताब्यात घेतली आणि ती परत मिळाली तेव्हा मालकांना दुरुस्ती झेपत नव्हती. पुढच्या दशकात अशी शेकडो घरे पाडली गेली. ज्याने घर पाडले नाही, विटा विकल्या नाहीत, आणि ते तरुणांच्या हाती दिले, त्याचे श्रेय हे सगळे सांगूनही कमी होत नाही.

दुसऱ्या बाजूला घेणाऱ्यांची गरज होती, आणि इतिहास लिहिणारे तिकडे क्वचितच पाहतात. नोव्हेंबर १९३९ मध्ये शिक्षण मंडळाने (म्हणजे तेव्हाच्या सरकारी शिक्षण खात्याने) काढलेल्या १४८६ क्रमांकाच्या परिपत्रकाने शाळा सोडून कामाला लागलेल्या तरुणांची काळजी ही प्रथमच सरकारी जबाबदारी मानली. १९४४ च्या शिक्षण कायद्याने स्थानिक प्रशासनांवर त्याची जबाबदारी टाकली. युवक मंडळांची संख्या वाढली, पण ती चालवणारे बहुतेक स्वयंसेवक दिवसभर नोकरी करणारे होते. त्यांना शिकवायचे तर शनिवार-रविवारी राहण्याची, जेवणाची आणि चर्चेची सोय असलेली जागा हवी होती. भरपूर खोल्या, मोठे स्वयंपाकघर आणि मोकळे आवार असलेले उमरावाचे घर या गरजेला जसे पुरे पडत होते तसे शहरातले कोणतेही सभागृह पुरे पडले नसते. कुंब्रियातील ब्रॅथे हॉलही १९४६ मध्येच तरुणांच्या कामासाठी वापरात आले, यावरून त्या वर्षांचा कल दिसतो.

कागद शोधताना संघटनेची सगळी नावे जवळ ठेवावीत. एव्हन टिरेल ज्यांना मिळाले त्या संघटनेची सुरुवात १९११ मध्ये कामकरी मुलींच्या मंडळांचा राष्ट्रीय संघ म्हणून झाली. दान मिळाले तेव्हा तिच्या नावात मुलींची मंडळे आणि मिश्र मंडळे असे दोन्ही शब्द होते. पुढे ती ‘नॅशनल असोसिएशन ऑफ यूथ क्लब्ज’ झाली, मग ‘यूथ क्लब्ज यूके’, आणि त्यानंतर ‘यूके यूथ’. अभिलेखागारांच्या सूचीत एकाच नावाने शोधणाऱ्याला निम्मे कागद दिसतच नाहीत. दुसऱ्या एखाद्या घरावर काम करणाऱ्यानेही हाच नियम पाळावा. घर वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेकडे असेल तर त्या संघटनेच्या इंग्लंडमधील कागदपत्रांचा मोठा संग्रह बर्मिंगहॅम विद्यापीठात आहे.

दानाच्या अटी मूळ दस्तऐवजातच पाहाव्यात. संपूर्ण मालकी दिली की दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, जंगल आणि शेती कोणाकडे राहिली, घराचा उपयोग बदलल्यास ते परत जाणार होते का, हे प्रश्न वर्तमानपत्रातल्या बातमीवरून सुटत नाहीत. जमीन नोंदणी कार्यालयात शोध घेताना लक्षात ठेवावे की विक्रीच्या वेळी नोंदणी करण्याची सक्ती संपूर्ण इंग्लंड-वेल्समध्ये १९९० च्या डिसेंबरमध्ये लागू झाली. १९४६ चा व्यवहार तेथे न दिसला तर तो झालाच नाही असा अर्थ काढू नये. धर्मादाय आयोगाची फाइल, संघटनेच्या समितीची इतिवृत्ते आणि विंचेस्टर येथील हॅम्पशायरचे अभिलेखागार ही पुढची ठिकाणे.

१९४६ नंतरचा काळ: जो अजून कोणी लिहिलेला नाही

हा भाग सर्वांत कष्टाचा आहे, कारण येथे लॉर्डाची पत्रे जपून ठेवणारे कोणी नसते. अभ्यासक्रमांची पत्रके, जेवणाच्या याद्या, पाहुण्यांच्या सह्यांची वही, अग्निशमन अधिकाऱ्यांचे अहवाल, नव्या शौचालयांसाठी नगररचना विभागाकडे केलेले अर्ज हेच येथले दफ्तर असते, आणि केंद्राचे व्यवस्थापक बदलले की त्यातले बरेचसे कचऱ्यात जाते. म्हणून केंद्राशी पहिल्याच भेटीत एक विनंती करावी: कोणतेही जुने खोके टाकून देण्यापूर्वी आम्हाला कळवा.

त्यानंतर खोल्यांची वही करावी. प्रत्येक खोलीला एक पान द्यावे आणि त्यावर बांधणीच्या वेळचे नाव व उपयोग, युद्धकाळातला उपयोग, केंद्र झाल्यावरचा उपयोग आणि आजचा उपयोग असे लिहीत जावे. कोणत्या भिंतीत पलंगांच्या रांगेसाठी खिळे आहेत, कोणते दार बंद केले गेले, नोकरांचा जिना आता कोण वापरते, हे पानोपानी जमत गेले की घर लॉर्डाचे असतानाची रचना आणि तरुणांच्या हाती आल्यावरची रचना यांतला फरक आपोआप पुढे येतो. १९४६ पूर्वी पुढच्या दारातून कोणाला आत येता येत होते आणि नंतर कोणाला, हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

मुलाखतींना उशीर करू नये. १९५० च्या दशकात येथे पंधरा-सोळा वर्षांचे असताना आलेले लोक आज ऐंशी-नव्वदीत आहेत. ‘तुम्हाला कसे वाटले?’ असे विचारल्यास गुळमुळीत उत्तर मिळते. त्यापेक्षा ‘कोणत्या खोलीत झोपला होता, खोलीत किती जण होते, भांडी कोण घासत असे, घरी पत्रात काय लिहिले?’ असे विचारावे. लंडन, बर्मिंगहॅम आणि साउथॅम्प्टनच्या गिरण्या-गोद्यांतून किंवा दुकानांतून सुटी काढून आलेल्या मुलामुलींना इतके मोठे घर, त्यातली ती शांतता आणि तो काळोख यांची सवय नसे, आणि तपशील विचारला की आठवणी मोकळ्या होतात. स्वयंपाकी, माळी आणि स्वच्छता कर्मचारी यांच्याशी मुद्दाम बोलावे. व्यवस्थापक दर काही वर्षांनी बदलतात, ही माणसे मात्र तीस-तीस वर्षे टिकतात. प्रत्येक मुलाखतीआधी लेखी संमती घ्यावी, मुलाखत कोठे ठेवली जाईल ते सांगावे, आणि ज्या छायाचित्रांत ओळखू येणारी मुले आहेत ती परवानगीशिवाय छापू नयेत.

या काळातल्या दोन तारखा कागद वाचताना हाताशी असाव्यात. १९६० च्या आल्बेमार्ल अहवालाने (युवक सेवेवरील सरकारी समितीच्या अहवालाने) युवक कार्यासाठी प्रशिक्षित कार्यकर्ते आणि पैसा यांची मागणी केली, आणि त्यानंतर देशभरात प्रशिक्षणाचे स्वरूप बदलले. २२ मार्च १९९३ रोजी लाइम बे येथे कायाक सहलीत चार किशोरवयीन मुले बुडून मरण पावली. त्यातून १९९५ चा कायदा आला आणि साहसी उपक्रम घेणाऱ्या केंद्रांना परवाना घेणे बंधनकारक झाले. १९९० च्या दशकाच्या मध्यावर कोणत्याही केंद्राची फाइल अचानक जाड होताना दिसते, तिच्यामागे ही चार मुले आहेत, आणि लिहिणाऱ्याने हे कारण नोंदवलेच पाहिजे.

लिखाण आणि जतन

लिहिताना प्रत्येक विधानाचा दर्जा वाचकाला कळू द्यावा: समकालीन कागदावरचे, नंतरच्या आठवणीतले, की केवळ परंपरेने आलेले. पानांची वाटणी आधीच करावी आणि निम्मी पाने १९४६ नंतरच्या काळासाठी राखून ठेवावीत. ती भरत नसतील तर लॉर्डाची पाने वाढवण्यापेक्षा आणखी मुलाखती घ्याव्यात. मजकुराची एक प्रत केंद्राला, एक काउंटीच्या अभिलेखागाराला द्यावी, आणि मुलाखतींच्या ध्वनिफिती व खोल्यांची वही त्यांच्यासोबत जोडावी.

फाइलच्या शेवटी न सुटलेल्या प्रश्नांची यादी ठेवावी आणि त्यात एक तारीख लिहावी. १९३१ ची जनगणना जळालेली आणि १९४१ ची झालीच नाही, म्हणून १९२१ नंतरची पुढची उपलब्ध जनगणना एप्रिल १९५१ ची आहे, आणि एव्हन टिरेलच्या पत्त्यावर युवक केंद्रातली माणसे नोंदली जाण्याची ती पहिलीच वेळ असेल. शंभर वर्षांच्या नियमाने ती २०५२ मध्ये खुली होईल. फाइल त्या वर्षी ज्याच्या हाती असेल त्याने ते पान सर्वांत आधी मागवावे, अशी सूचना वरच लिहून ठेवावी.